परवलांबाबत एक दुरुस्ती

आईच्या शोकसभेत सहा जण बोलले. तिचे शोधनिबंध, तिने घडवलेले विद्यार्थी, तिची शिस्त. एका वृद्ध सहकाऱ्याने सांगितलं की देवयानीजींचा आकडा कधी चुकला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण अशा वेळी माणूस तेच करतो. पण तिचा आकडा चुकला होता. १९९५ च्या उन्हाळ्यात, माझ्या बाबतीत. त्या चुकीचं तिने पुढे जे केलं, ते त्या सहा जणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिला जाऊन चार महिने झाले, आणि तिची आठवण येते तेव्हा मला तिचे निबंध आठवत नाहीत, ते सात कागद आठवतात.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आई लखनऊच्या एका सरकारी संशोधन संस्थेत विषारी द्रव्यांवर काम करायची. बाबा, सुधीर वाळिंबे, अमौसीच्या विमानतळावर दळणवळणाच्या यंत्रांची देखभाल करायचे. आम्ही संस्थेच्या कॉलनीत राहत होतो. विषांचा अभ्यास करणाऱ्या माणसांची कॉलनी जरा वेगळी असते. आमच्याकडे कुणाला शिंक आली तर आधी भिंतीच्या रंगाची चौकशी व्हायची. कुणाचे केस गळले तर टाकीचं पाणी तपासायला जायचं. शेजारच्या सरोजकाकूंचा नवरा आईच्याच विभागात होता. त्याचं पोट बिघडलं तेव्हा त्याने पितळेच्या पातेल्याची कल्हई खरवडून प्रयोगशाळेत नेली होती. त्याने आदल्या दिवशी एका लग्नात अकरा कबाब खाल्ले होते, हे काकूंनी नंतर सांगितलं.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर बाबांनी अमीनाबादहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. कॅसेट खोचायची, दोन बटणांचा रिमोट हातात धरायचा आणि पडद्यावरची विमानं पाडायची. आईने नियम घातला, दिवसाला एक तास, तोही संध्याकाळी. पण मेच्या मध्यावर सुट्टी लागली. आई सकाळी नऊला संस्थेच्या बसने जायची, बाबांची पाळी असायची, आणि सरोजकाकू दुपारी जेवून झोपायच्या. लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, आत येऊ नये म्हणून आमच्या खिडक्यांना दिवसभर जाड पडदे असत. त्या काळोख्या, कूलरच्या वासाच्या खोलीत मी रोज चार-पाच तास खेळायचे. रिमोटची वायर आखूड होती, म्हणून टीव्हीपासून दोन हातांवर फरशीवर बसायचे. एखादं मोठं विमान फुटलं की सगळा पडदा पांढरा-लाल-पांढरा लखलखायचा. ते मला सगळ्यात आवडायचं.

कधीकधी त्या लखलखाटात माझा अंगठा आपोआप उडायचा. रिमोट हातातून निसटायचा. मला वाटायचं, खेळातच असं होत असेल.

वीस मे रोजी दुपारी मी पडले. मला आठवतं ते एवढंच, की डोळे उघडले तेव्हा सरोजकाकूंचा चेहरा वर होता, तोंडात रक्ताची चव होती आणि जीभ दुखत होती. काकू रडत होत्या आणि माझ्या नाकाशी कांदा धरत होत्या.

आई रिक्षाने धावत आली. मला कुशीत घेऊन बसली. पण माझा श्वास नीट चालू आहे याची खात्री पटल्यावर तिने पहिलं काम केलं ते वहीचं. दोनशे पानी वहीवर तिने पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, गेल्या बारा तासांत काय खाल्लं, पाणी कुठलं, जागा कुठली. शेवटचा रकाना होता, काय करत होती.

"अबोली, पडण्याआधी काय करत होतीस?"

मी घरात मराठी ऐकायचे आणि बोलायचे हिंदीत. म्हणाले, "किताब पढ़ रही थी."

तिने लिहिलं, वाचत होती.

डॉक्टरांकडे नेलं. डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढला. तो स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना एखादीच फिट येते, पुन्हा येतही नाही. लक्ष ठेवा. पण तीस मेला पुन्हा आली. त्या वेळी घरात कुणी नव्हतं. शुद्धीवर आल्यावर मी आधी टीव्ही बंद केला, रिमोट पलंगाखाली सारला आणि मग काकूंचं दार वाजवलं. पाच जूनला तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा शेवटच्या रकान्यात तेच लिहिलं गेलं. आईने माझ्या शब्दावर शंका घेतली नाही. तिच्या घरात कुणी खोटं बोलायचं नाही, म्हणून तिला तसं सुचलंच नसेल.

राहिले खाण्याचे रकाने. त्या तिन्ही दिवशी एक गोष्ट होती. परवल. बोटाएवढी, हिरव्या पट्ट्यांची ही भाजी आमच्या साताऱ्याच्या नातेवाइकांनी कधी पाहिली नव्हती, पण लखनऊमध्ये उन्हाळाभर तीच. ती आणायचा रामआसरे. गोमतीकाठी त्याच्या भावाचं शेत होतं. पन्नाशी उलटलेला, वाळका माणूस. ठेला ढकलत सकाळी कॉलनीत शिरायचा आणि नुसत्या "परवल है, लौकी है, तोरी है" एवढ्या तीन नावांना गाण्यासारखी चाल लावायचा. माझ्यासाठी एक ककडी बाजूला ठेवलेली असायची.

बाजारात परवल हिरवीगार दिसावीत म्हणून काही जण ती रंगात बुडवतात, हे आईला कामामुळे माहीत होतं. तिने रामआसरेकडची परवल प्रयोगशाळेत नेली. धुतलेल्या पाण्यात रंगाचा अंश सापडला. अगदी थोडा, पण सापडला.

तिने त्याच दिवशी हिंदीत एक नोटीस लिहिली. रामआसरे यांच्या ठेल्यावरच्या भाजीत रंगाचे अंश मिळाले आहेत, मुलांना देऊ नये. खाली सही, डॉ. देवयानी वाळिंबे. कॉलनीत सात ब्लॉक होते. सात प्रती काढून तिने प्रत्येक ब्लॉकच्या जिन्यापाशी एकेक लावली.

दुसऱ्या दिवशी कुणी त्याच्याकडून भाजी घेतली नाही. तो आमच्या दाराशी आला. मला वाटलं भांडेल. त्याने डोक्यावरचा गमछा काढून हातात घेतला आणि आधी विचारलं, "बिटिया कैसी हैं अब?"

"ठीक आहे... ठीक है," आई म्हणाली.

"डॉक्टर साहब, आप पढ़ी-लिखी हैं. मसीन में आया है तो आया होगा. पर हम रंग नहीं डालते. हमरे घर के बच्चे भी यही खाते हैं."

"मैंने जो देखा वही लिखा है, रामआसरे."

"जी," तो म्हणाला आणि ठेला वळवून गेला. त्या दिवशी त्याने आरोळी दिली नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्या संध्याकाळी नोटिसा लागल्या, त्याच संध्याकाळी कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. मोठा आवाज झाला, काळा धूर निघाला आणि सगळे ब्लॉक अंधारात गेले. लखनऊचा जून आणि वीज नाही. लोक अंगणात खाटा टाकून झोपू लागले, ओल्या चादरी अंगावर घेऊ लागले, वीज मंडळाला शिव्या देऊ लागले. दुसरा ट्रान्सफॉर्मर यायला सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत मला एकदाही फिट आली नाही. अंगठासुद्धा उडाला नाही.

आईने वहीत सोळा दिवसांपुढे सोळा रेघा मारल्या. तिचा चेहरा मोकळा झाला होता. कॉलनीत तिचं कौतुक चाललं होतं. सी ब्लॉकच्या निगम आंटी तर येईल त्याला सांगत होत्या, "इन्होंने पकड़ लिया, वरना हम सबके बच्चे ज़हर खा रहे थे." आता भाजी निशातगंजच्या बाजारातून यायची. रामआसरे कधीतरी फाटकाबाहेर उभा दिसायचा. चौकीदार त्याला आत येऊ देत नव्हता.

बावीस जूनला वीज आली. साऱ्या कॉलनीने टाळ्या वाजवल्या, मुलं थाळ्या बडवत फिरली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पलंगाखालून रिमोट काढला.

आणि पंचवीस तारखेला आई दुपारी अचानक घरी आली. एक फाइल विसरली होती. तिने किल्लीने दार उघडलं तेव्हा मी फरशीवर होते. हातपाय झटकत होते. पडद्यावर विमान फुटत होतं, खोली लाल-पांढरी होत होती, आणि रिमोट माझ्या मुठीत होता.

शुद्धीवर आले तेव्हा मी कुशीवर होते आणि तिचा हात माझ्या खांद्यावर होता. टीव्ही बंद होता. पडदे बाजूला सारलेले होते आणि खोलीत इतकं ऊन होतं की मला ती खोली ओळखू येईना.

"झोप थोडं," ती म्हणाली. रागाचा एक शब्द नाही. मला वाटलं, आपण अजून पकडले गेलो नाही. पण संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"दर वेळी हेच होतं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. "हाँ."

"चारही वेळा?"

"हाँ. सॉरी, आई."

तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. मग म्हणाली, "तू खोटं बोललीस, ते चुकलंच. पण मलाही बघता आलं असतं. टीव्हीच्या मागे हात लावला असता तरी कळलं असतं. गरम लागला असता."

मग ती उठून सरोजकाकूंकडे गेली. मी दारातून ऐकत होते.

"काकू, पहिल्यांदा अबोली पडली तेव्हा टीव्ही चालू होता का हो?"

"होता की. केवढा कर्कश आवाज येत होता. मी बंद केला."

"मला सांगितलं नाहीत."

"तू कुठे विचारलंस? तू विचारलंस, हिने काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायली. मी सांगितलं सगळं."

आई परत आली आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवलं. जूनच्या सहा तारखेवर तिने बोट ठेवलं. "याच दिवशी मी परवल बंद केलं," ती बाबांना म्हणाली, "आणि याच दिवशी वीज गेली. एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या आणि मी एकच मोजली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाने हे केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं."

"अगं, पण रंग तर सापडला ना?" बाबा म्हणाले.

त्याचं उत्तर तिने दुसऱ्या दिवशी शोधलं. निशातगंजची परवल, चौकातली परवल, संस्थेच्या कँटीनमधली परवल, सगळी तपासली. सगळ्यांत तेवढाच अंश होता. बहुधा पाण्यातून येत असावा, पोत्यांवरच्या छापाचाही असेल. कशाचा, ते तिला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. पण रामआसरेचा नव्हता. "मी तुलना न करता लिहिलं," ती म्हणाली. जेवताना तिने हे दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा कुणाला उद्देशून नव्हतं.

तो गेम बाबांनीच आणला होता. नंतर त्यांनी कागदावर काढून मला दाखवलं, की टीव्हीचं चित्र म्हणजे एकाखाली एक रेघा असतात, त्या सेकंदाला पन्नास वेळा आखल्या जातात, आणि जवळ बसलं की डोळ्याला त्यांची थरथर जास्त पोचते. त्यावर खेळातला लखलखाट. "विमानतळावर माझ्यासमोर दिवसभर पडदेच असतात," ते म्हणाले, "आणि माझ्या डोक्यात आलं नाही."

आई पुन्हा डॉक्टरांकडे गेली आणि त्यांना विनंती केली की या वेळी डोळ्यांसमोर लुकलुकणारा दिवा धरून आलेख काढा. दिव्याचा वेग वाढत गेला. एका वेगाला यंत्राची पेनं कागदावर सैरावैरा धावली आणि तंत्रज्ञाने झटकन दिवा बंद केला. डॉक्टरांनी तो कागद आईपुढे धरला. फिटचाच आजार, पण लुकलुकत्या प्रकाशाने चाळवणारा. काही वर्षं रोज एक गोळी, पडद्यापासून लांब, झोप पुरेशी. अंगठा उडायला लागला तर एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवायचा आणि तोंड फिरवायचं. काही मुलांचा वयाबरोबर कमी होतो, काहींचा नाही.

मला काय झालं आहे हे आता आम्हाला माहीत होतं. बाहेर मात्र सगळ्यांना वाटत होतं की मला रामआसरेने आजारी पाडलं.

आईने जुन्या नोटिसा काढल्या आणि नवीन लावल्या, भाजी सुरक्षित आहे, माझी चूक झाली होती. चौकीदाराला सांगून रामआसरेला आत आणलं. स्वतः पिशवी घेऊन त्याच्या ठेल्यापाशी गेली. पण लोक खिडकीतून बघत राहिले.

"आपका दिल बहुत नरम है, डॉक्टर साहब," निगम आंटी म्हणाल्या. "गरीब पर तरस आ गया. अच्छा है. पर हम रिस्क नहीं लेंगे. बेटी तो आपकी बीमार हुई थी न? परवल से नहीं, तो किससे?"

आईकडे उत्तर होतं. पण ते माझं होतं.

रविवारी सरोजकाकू पोह्यांची ताटली घेऊन आल्या आणि दार लावून घेतलं. "देवयानी, माझं ऐक. भाजीवाल्याला दहा कॉलन्या आहेत. पण भाजीतून विषबाधा झाली म्हणणं आणि पोरीला मिरगी येते म्हणणं यात किती फरक आहे, हे तुला मी सांगायला हवं का? उद्या तिचं लग्न बघशील. लोक वीस वर्षं लक्षात ठेवतात."

"बाईमाणसाचं बोलणं आहे, पण मलाही तसंच वाटतं," बाबा हळूच म्हणाले.

"बाईमाणसाचं म्हणजे काय हो?" काकू उखडल्या. "शहाणं बोलणं म्हणा."

आई हसली नाही. पोहे खाऊन झाल्यावर तिने मला आत बोलावलं, पलंगावर बसवलं आणि एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलली. "रामआसरेवर मी खोटा आळ घेतला. तो काढायचा तर खरं कारण सांगावं लागेल. पण ते तुझ्या शरीराबद्दल आहे. तू हो म्हणालीस तरच मी सांगीन."

"स्कूल में सब चिढ़ाएँगे."

"चिडवतील कदाचित."

"तो नहीं."

"बरं," ती म्हणाली. आणि खरोखरच पुन्हा विचारलं नाही. तिने मला सुनावलं नाही, उदास चेहरा करून फिरली नाही, रामआसरेच्या मुलाबाळांची गोष्ट काढली नाही. आज मलाही एक मुलगी आहे, आणि तिला एकदाच विचारून थांबणं मला अजून जमत नाही.

ती मात्र रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास रामआसरेच्या ठेल्याबरोबर ब्लॉकमागून ब्लॉक चालायची. दारं वाजवायची. साताऱ्याच्या वळणाच्या हिंदीत म्हणायची, "मैं खा रही हूँ, आप भी लीजिए." लोक तिच्या भिडेखातर पावशेर काहीतरी घ्यायचे, आणि ती वळली की ते कामवाल्या बाईला देऊन टाकायचे. आम्ही मुलांनी ते पाहिलं होतं. तिलाही दिसत असणार.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. ती डी ब्लॉकचा जिना चढून गेली होती, मी ठेल्यापाशी उभी होते. रामआसरेने परवलांवर पाणी शिंपडलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बिटिया, एक बात बताइए. सच में हमरी सब्जी से तबीयत बिगड़ी थी?"

मला नुसतं "नाही" म्हणून थांबता आलं असतं.

"नहीं," मी म्हणाले. "मुझे मिरगी है. वीडियो गेम से आती है. टीवी पास से देखने से."

त्याचा हात थांबला. त्याने आजूबाजूला पाहिलं, जिन्याकडे, वरच्या गॅलऱ्यांकडे. मग ठेल्यावरून माझ्याकडे वाकला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "हमसे कह दिया सो कह दिया. और किसी से मत कहिएगा. लड़की जात हैं आप. हमरा का है, हम कहीं और बेच लेंगे."

एवढं बोलून तो पुन्हा पाणी शिंपडू लागला. बाजूला ठेवलेली ककडी त्याने माझ्या हातात दिली. साडेआठ वाजून गेले तरी त्याच्या ठेल्यावर सकाळची सगळी भाजी तशीच होती.

आई जिना उतरून आली तेव्हा मी म्हणाले, "लिख दो."

"काय?"

"नोटिस. लिख दो."

"रामआसरे काही बोलला का तुला?"

"उसने बोला मत बताना."

आई त्याच्याकडे पाहत राहिली. तो तराजूची दोरी सारखी करत होता. "संध्याकाळपर्यंत विचार कर," ती म्हणाली. "संध्याकाळी हेच म्हणालीस तर लिहू."

संध्याकाळी मी हेच म्हणाले. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो. ती लिहायची, मला वाचून दाखवायची आणि खोडायची.

"तुझं नाव घालणार नाही," ती म्हणाली. "'मेरी बेटी' एवढंच."

"एक ही तो बेटी है तुम्हारी."

त्या पंधरवड्यात ती पहिल्यांदा हसली. "हो, तेही खरंच."

हिंदीतली ती नोटीस मराठीत साधारण अशी होती. "सहा जूनला मी लिहिलं होतं की रामआसरे यांच्या भाजीमुळे मुलांना धोका आहे. ते चुकीचं होतं. शहरातल्या सगळ्याच परवलांत तेवढा अंश आहे, हे मी आधी तपासलं नाही. माझ्या मुलीला फिटचा आजार आहे. तो अंधाऱ्या खोलीत, अगदी जवळून, तासन्तास व्हिडिओ गेम खेळल्याने चाळवला गेला. वीज नव्हती म्हणून ती सोळा दिवस बरी होती, आणि मी त्याचं श्रेय भाजी बंद केल्याला दिलं. रामआसरे यांचं जे नुकसान झालं ते माझ्यामुळे झालं. मी त्यांची क्षमा मागितली आहे." खाली तीच सही.

प्रती तिने सातच काढल्या. बाबा म्हणाले, फाटकावर एक मोठी लाव, सगळे बघतील. ती म्हणाली, "चूक सात ठिकाणी लावली होती. सहा लावल्या तर लपवल्यासारखं होईल, आणि फाटकावर लावली तर मिरवल्यासारखं."

सगळं काही जागच्या जागी आलं, असं मला म्हणता येणार नाही. निम्मी कॉलनी रामआसरेकडे परतली. निम्मी निशातगंजलाच जात राहिली, कारण सवय झाली होती. त्याने तोवर दुसऱ्या एका वस्तीत जागा धरली होती आणि आमच्याकडे आठवड्यातून तीनच दिवस येऊ लागला. आईने त्याची क्षमा मागितली तेव्हा मी नव्हते. तो काय म्हणाला, ते तिने कधी सांगितलं नाही.

माझ्या बाबतीत काकूंचं थोडं खरं ठरलं. दोन मैत्रिणींनी माझ्या घरी येणं बंद केलं. शाळेत एका मुलाने सगळ्यांसमोर हातपाय झाडून माझी नक्कल केली. पण आईने घरात माझ्याभोवती कुजबुज होऊ दिली नाही. गोळी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलेली असायची, मिठासारखी, पाहुणे असले तरी.

गंमत अशी की नोटीस वाचून कॉलनीला आता टीव्हीचं भय बसलं. निगम अंकलनी बैठक बोलावली. सगळ्या घरांतले व्हिडिओ गेम गोळा करून कुलूपबंद करावेत, केबलवाल्याला हाकलून द्यावं, असा ठराव त्यांनी लिहूनच आणला होता. सही आईची हवी होती.

"डॉक्टर साहब, अब तो साबित हो गया. टीवी ज़हर है."

"एक लड़की से?" आई म्हणाली. "परवल में मैंने यही किया था, निगम साहब."

"तो क्या बच्चे दिन भर खेलते रहें?"

"नहीं. दूर बैठें, कमरे में बत्ती जलाकर. बीच-बीच में उठें. रात को सोएँ. मुझे लगता है इन बच्चों की नींद कम हो गई है, आँखें लाल रहती हैं. पर मैंने गिना नहीं है. जो नहीं गिना उस पर दस्तखत नहीं करूँगी."

निगम अंकल नाराज झाले. ठराव तिच्या सहीशिवाय झाला आणि पहिल्या क्रिकेट सामन्याला विसरला गेला.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी सी ब्लॉकच्या जिन्यापाशी गेले होते. तिथे हेमा उभी होती, निगम आंटींची मुलगी, माझ्याहून एक वर्षाने लहान. ओठ हलवत ती नोटीस वाचत होती. माझी चाहूल लागताच दचकली.

"ये तू है?"

"हाँ."

"मिरगी?"

"हाँ."

ती नोटिशीकडे पाहत म्हणाली, "गेम खेलके मेरा भी सिर घूमता है. कभी-कभी सब धुँधला दिखता है. मम्मी को नहीं बताया. मुझे भी वही है क्या?"

मला वाटत होतं, हो. खरं सांगायचं तर मला तसं हवंही होतं, म्हणजे मी एकटी राहिले नसते. मी तिला हाताला धरून घरी नेलं. आई भाकरी थापत होती. तिने पिठाचे हात पुसले, हेमाला पाणी दिलं, मला बसायला सांगितलं आणि एकेक विचारू लागली. केव्हापासून, किती वेळ, रात्री किती वाजता झोपतेस, हात उडतात का, कधी पडलीस का. या वेळी खाण्याचा प्रश्न शेवटी आला. हेमा उत्तरं देत गेली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आंटी, मुझे क्या हुआ है?"

आई तिच्यासमोर उकिडवी बसली होती. डॉक्टर देवयानी वाळिंबे, जिच्या शब्दावर सात ब्लॉक चालले होते. ती काहीही म्हणाली असती तरी हेमाने ते मानलं असतं, मीही मानलं असतं.

"मुझे नहीं पता, बेटा," ती म्हणाली. "चल, तेरी मम्मी के पास चलते हैं. फिर मिलकर पता करेंगे."